पिल्नाम मावशी नॉर्वेला गेली तेव्हा

मा पिल्नाम मावशी कालवं सोलायची. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर तोंगयंगच्या बंदरामागे कालवांच्या शेड आहेत, तिथे हिवाळाभर बायका आखूड सुऱ्या घेऊन उभ्या असतात. मावशी त्यांच्यातली सगळ्यात मुकी. बाकीच्या जणी नवऱ्यांची, सुनांची सालं काढत असायच्या आणि ही नुसती कालवांची.

पिल्नाम म्हणजे ‘आता मुलगाच हवा’. तिसरीही मुलगीच झाली म्हणून बापाने वैतागून ठेवलेलं नाव. पुढे तिला स्वतःलाही ओळीने मुलीच झाल्या आणि शेवटी मुलगा, तेवान. आमच्याकडे बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात. थोरली मिरान असूनही सगळं गाव पिल्नामला ‘तेवानची आई’च म्हणायचं.

माझं सहलींचं दुकान आहे, बाजारात औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते आणि वर्षातून एकदोन गट घेऊन स्वतः जाते. शेडमधल्या सात जणींची भिशी होती. ती साठून परदेशात जाण्याइतकी झाली, तेव्हा सगळ्या एका दुपारी जिना चढून आल्या. कपड्यांना कालवांचा वास आणि तोंडाला खीळ नाही.

त्यांची म्होरकी ओक्नान. ती म्हणाली, “युन्हा, आम्हाला इटली दाखव. तो वाकडा मनोरा बघायचाय. आमच्या मुकादमासारखा उभा आहे म्हणे, चार पेले लावून.”

सगळ्या खिदळल्या. तेवढ्यात मागून पिल्नाम मावशी म्हणाली, “नॉर्वेला जाऊ.”

“नॉर्वेत काय आहे?”

“डोंगर. समुद्र.”

“अगं बाई! आणि तोंगयंगला काय वाळवंट आहे? मासे बघायला विमानात बसायचं?”

“मग तुम्ही जा इटलीला,” मावशी म्हणाली. “माझा वाटा मला परत द्या.”

मावशीने जन्मात कधी कशासाठी हट्ट धरलेला कुणी पाहिला नव्हता. ओक्नानने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि हात झटकला. “जाऊ दे गं. बाईने आजवर काही मागितलं नाही. आणि मागितलं तेही थंडगार!”

असं इटलीचं नॉर्वे झालं.

दुसऱ्या दिवशी मावशी एकटी आली. खुर्चीच्या टोकावर बसली.

“युन्हा, तिकडे जायला व्हिसा लागतो ना?”

“आपल्याला नाही लागत, मावशी. नव्वद दिवस राहता येतं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन सगळ्यांचे मिळून, प्रत्येकाचे वेगळे नव्हे. नव्वद झाले की बाहेर पडायचं आणि बराच काळ परत फिरकायचं नाही. फक्त पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू असला पाहिजे.”

“माझा तर नाहीच.”

“मग नवा काढू. दहा वर्षं बघायला नको.”

“दहा वर्षं पुरेल,” ती म्हणाली. मग विचारलं, “नव्वद दिवस राहायचं म्हटलं तर काय विचारतात?”

“कुठे राहणार, कुणाकडे राहणार, परतीचं तिकीट आहे का.”

“कुणाकडे,” ती पुटपुटली. मग तिने फोन काढून माझ्यापुढे धरला. एका गावाचं नाव होतं, आमच्या नेहमीच्या रस्त्यापासून आडबाजूला. गाव कसलं, खाडीकाठचा एक धक्का आणि चार घरं.

“आपली बस इथून नेता येईल?”

“नेता येईल. पण इथे आहे काय?”

“फेरीबोट आहे. बसगाड्या पलीकडे नेते. त्या बोटीवर माझी मुलगी कामाला आहे.”

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. तिच्या तिन्ही मुली मला माहीत होत्या. एक मासानला, एक जिंजूला, आणि मिरान इथेच.

“कोणती मुलगी, मावशी?”

“चौथी.”

मग तिने सांगितलं. डोळ्यांत पाणी न आणता, शेडमधल्या कामाचा हिशोब द्यावा तसं. चौथीही मुलगीच झाली तेव्हा सासूने बाळंतिणीला शेवाळाचं सारसुद्धा करून दिलं नाही. घरात खाणारी तोंडं आधीच फार. बुसानला एक संस्था होती, ती लेकरं परदेशी पाठवायची. सासू म्हणाली, तिकडे पोर सुखात वाढेल, इथे तुझं पोट मुलासाठी मोकळं होईल. नवरा जाळं विणत बसला, मान वर केली नाही. दीड महिन्याच्या पोरीला मावशीने पाठीला बांधलं आणि बस धरली. वर्ष-दीड वर्षाने तेवान झाला.

गावात सांगितलं, पोर दगावली. तेव्हा कितीतरी पोरं दगावायची, कुणी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी तिने टीव्हीवर पाहिलं की परदेशी गेलेली लेकरं आपल्या वकिलातीत लाळेचा नमुना देऊन आईबाप शोधतात. पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला जाते असं सांगून ती पोलीस चौकीत गेली आणि नमुना देऊन आली. वर्षभराने तिथल्या एका पोलीस पोरीचा फोन आला. मुलगी सापडली होती. नाव इंगुन. तिचं म्हणणं त्या पोलीस पोरीनेच वाचून दाखवलं: मी कोरियाला येणार नाही. तुम्हाला यायचं असेल तर या. बोट दुपारी धक्क्याला लागते, पुढच्या फेरीपर्यंत मला वेळ असतो. तेवढ्यात भेटेन.

“घरी सांगितलंस?” मी विचारलं.

“सासू गेली, नवरा गेला. पोरांना काय सांगू? तेवानला काय सांगू?”

तेवानचं तसंही काही धड नव्हतं. कोंबडी तळून विकायचं दुकान बुडालं, बायको सोडून गेली, आणि आता तो आईच्या घरात वरच्या खोलीत पडून असायचा.

मी रस्ता बदलला. बायकांना सांगितलं, ही वाट जास्त सुंदर आहे. ते खोटंही नव्हतं.

विमानतळावर मी सगळ्यांकडून घोकून घेतलं. विचारलं, कशाला आलात, तर म्हणायचं ‘टूर’. किती दिवस, तर ‘एट डेज’. ओक्नान दर दोन मिनिटांनी ‘एट डेज, एट डेज’ असं गाण्यासारखं म्हणत होती. नॉर्वेच्या वाटेवर कोपनहेगनला उतरलो तर सगळ्या धडाधड सुटल्या. मावशीपाशी मात्र तो अधिकारी रेंगाळला. कोरा पासपोर्ट, म्हातारी बाई, पहिलाच प्रवास. त्याला तिच्याशी दोन शब्द प्रेमाने बोलावंसं वाटलं असेल. हसून त्याने विचारलं, “फॅमिली? इथे कुणी आहे?”

फॅमिली हा शब्द आमच्याकडे पोरासोरांनाही कळतो. मावशी माझ्याकडे वळली, पुन्हा त्याच्याकडे. म्हणाली, “नो.”

त्याने शिक्का मारला. पुढे बॅगा घेईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती. मी पाणी दिलं तर म्हणाली, “इतकं पटकन आलं गं तोंडात.”

पुढचे दोन दिवस बसमध्ये धुमाकूळ. ओक्नानने तिखटाच्या नळ्या आणि किमचीचे डबे सीटखाली लपवले होते आणि ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून बसला होता. हॉटेलात नाश्त्याला लोणच्यातली हेरिंग पाहून एकजण म्हणाली, “यांनी मासा धुतला आणि शिजवायचाच विसरले.” डोंगरांवरून पाणी कोसळत होतं, मे महिना असून शिखरांवर बर्फ होता. मावशी खिडकीला कपाळ लावून बसलेली. जेवत नव्हती.

धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट लागलेलीच होती. बायकांना मी शेजारच्या दुकानात विणलेले मोजे बघायला पाठवलं आणि मावशीला घेऊन प्रवाशांच्या खोलीत गेले. कॉफीचं यंत्र, दोन बाकडी, बाहेर पाणी.

इंगुन आली. नारिंगी जाकीट, केस बारीक कापलेले, चाळिशीची बाई. चालताना डावा खांदा किंचित खाली, अगदी मावशीसारखा. तिने हात पुढे केला, आमच्याशी हस्तांदोलन केलं आणि समोर बसली. मावशीने शिंपल्यांच्या नक्षीची डबी आणली होती, ती दोन्ही हातांनी दिली. इंगुनने आभार मानून ती बाकावर ठेवली.

ती इंग्रजीत बोलत होती. माझी इंग्रजी सहलींपुरतीच, पण तिने सोपं सोपं विचारलं.

“मला तिथे कुणी नेलं?”

मी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, “मी.” मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “जसंच्या तसं सांग हं. मीठमसाला नको. सासूने म्हटलं, नवरा गप्प बसला. पण पाठीला बांधून मी नेली. बसमध्ये दूध पाजलं. उतरल्यावर परत फिरता आलं असतं. फिरले नाही.”

मी सांगितलं.

“बाकीच्या मुलींना का ठेवलं?”

“त्या आधी आल्या.”

“आणि माझ्यानंतर?”

“मुलगा झाला.”

“त्याला ठेवलं.”

“हो.”

इंगुन बाहेर पाण्याकडे बघत राहिली. मग विचारलं, “माझं नाव काय होतं?”

“नाव ठेवलं नव्हतं,” मावशी म्हणाली. “नाव ठेवलं असतं तर नेता आलं नसतं.”

हे वाक्य सांगताना मी अडखळले. इंगुनने मान हलवली, कळलं म्हणून.

“मला चांगले आईबाप मिळाले,” ती म्हणाली. “माझी तक्रार नाही. पण मला अजून राग येतो, आणि तो जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला तुमचा चेहरा बघायचा होता. आणि एक काम होतं. डॉक्टरकडे गेलं की दरवेळी विचारतात, घरात कुणाला काय आजार. मी दरवेळी सांगते, माहीत नाही. ते मला सांगा.”

मी हे सांगितलं आणि मावशीचा चेहरा उजळला. खरंच उजळला. एवढं तरी आपल्याकडे मागण्यासारखं आहे! ती भराभर सांगू लागली: आईला साखर होती, वडील झटक्याने गेले, मावसबहिणीला गळ्याशी गाठ, दुसऱ्या मुलीचे गुडघे, स्वतःचा रक्तदाब. हाडं मजबूत, दात मात्र चाळिशीनंतर हलतात. “सांग तिला, दात सांभाळ म्हणावं.” इंगुन फोनमध्ये टिपून घेत होती. दातांचं ऐकून तिने नकळत गालावर हात नेला.

मग बोटीचा भोंगा झाला. ती उठली. मावशीही उठली, हात अर्धवट पुढे करून. इंगुनने तो हात हातात घेतला, क्षणभर धरला आणि गेली. डबी मात्र आठवणीने खिशात घातली.

आमची बस त्याच बोटीने पलीकडे जायची होती. आम्ही बसमध्ये चढलो, बायका मोजे एकमेकींना दाखवत होत्या. बोटीच्या तोंडाशी नारिंगी जाकीटवाली बाई हातांनी खुणा करत बसला आत घेत होती. ये, ये, डावीकडे, थांब.

ओक्नान काचेला नाक लावून ओरडली, “अगं बघा बघा! ही तर आपल्यातलीच दिसते! ए पोरी, कोरियाची का गं?” आणि सगळ्या हात हलवायला लागल्या. ती वर न बघता काम करत राहिली.

ओक्नान हसत मागे वळली, मावशीकडे बघून काही बोलणार होती. बोलली नाही. पुन्हा खाली बघितलं, पुन्हा मावशीकडे.

“तेवानची आई,” ती हळू म्हणाली, “कोण आहे ती?”

“माझी मुलगी.”

बसमधलं हसणं एकेका सीटवरून विझत गेलं. त्या सगळ्या त्याच गावच्या, त्याच काळातल्या. दगावलेली पोर म्हटलं की कुणाला फार समजावून सांगावं लागलं नाही. एकजण तोंडात रुमाल कोंबून रडू लागली. कुणासाठी, ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

ओक्नान माझ्यावर धावून आली. “युन्हा, नव्वद दिवस चालतात म्हणालीस ना? मग हिला इथे राहू दे. तिकीट बदल.”

“बदलता येईल. कायद्याची आडकाठी नाही.”

“ऐकलंस? उतर खाली. आम्ही तेवानला सांगतो काहीतरी, पाय मुरगळला म्हणून. ऊठ गं!”

मावशी जागची हलली नाही. “कायदा राहू देईल,” ती म्हणाली. “पण तिने राहा म्हटलं नाही ना.”

पलीकडे बस उतरताना इंगुनने हात वर केला. बसला पुढे जा म्हणून केला की आणखी कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. मावशीनेही हात वर केला.

गावात आल्यावर मावशीने मुलींना बोलावलं आणि सांगून टाकलं. मला मिरानने हे पुढे सांगितलं. तिघींपैकी एकही चकित झाली नाही. मिरान तेव्हा सात वर्षांची होती, तिने आईला पाठीला बाळ बांधून जाताना आणि रिकाम्या पाठीने येताना पाहिलं होतं. ती आईला म्हणाली, “मी वर्षभर रात्री झोपत नव्हते, आई. अंथरूण ओलं झालं तर पुढचा नंबर माझा, असं वाटायचं. धाकट्यांनाही मीच सांगून ठेवलं होतं, जास्त खाऊ नका.” मावशीला हे ठाऊकच नव्हतं. एकच पोर दिली असं ती समजत होती. घरात उरलेल्या तिघीही तेव्हापासून भीत भीत वाढल्या होत्या. मिरान म्हणते, आई नॉर्वेत नाही मोडली, त्या दिवशी मोडली.

तेवानने ऐकलं आणि उठून वर गेला.

हिवाळ्यात इंगुनने बर्फाचा एक फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मग मिरानच्या मुलीने दोघींना व्हिडिओवर जोडून दिलं. भाषा नाही, तर काय बोलणार? मावशी बाजारातून आणलेला बांगडा कॅमेऱ्यासमोर धरायची आणि नाव सांगायची. इंगुन तिकडचं नाव सांगायची. असं त्यांचं संभाषण. कॉड, हेरिंग, बांगडा. मावशी कधी नव्हे ती शेडमध्ये बोलू लागली, परदेशी माशांची नावं.

मार्च उजाडायच्या आत इंगुनने लिहिलं: उन्हाळ्यात या. दोन आठवडे. मला सुट्टी आहे.

मावशी जिना दोनदोन पायऱ्या चढत वर आली. मी तिला सांगितलं, आता ‘कुणाकडे’ विचारलं तर पत्ता द्यायचा, बोलावणं दाखवायचं. आम्ही तिकीट शोधत होतो आणि त्याच दिवसांत साथ पसरली. एकेका देशाने दारं लावली.

नंतर दार किंचित किलकिलं झालं, पण फक्त जवळच्या नातलगांसाठी. मी फोन केले, पत्रं लिहिली. प्रत्येकाने नम्रपणे एकच विचारलं: नातं काय? मी म्हटलं, आई. मग म्हणाले, त्याचा कागद पाठवा. कागदावर इंगुनची आई नॉर्वेतली एक बाई होती, आणि पिल्नाम मावशी तिची कुणी लागत नव्हती. दत्तक म्हणजे तेच. मी चिडले, तर मावशीच माझी समजूत घालायला लागली. “त्यांचं काय चुकलं? अंगठा मीच दिला होता.”

त्या हिवाळ्यात शेडमध्ये उभ्याउभ्याच ती कोसळली. वडिलांसारखीच, झटक्याने. ओक्नानने तिला मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. इंगुनला येणं शक्य नव्हतं. मिरानच्या मुलीने फोन धरून तिला अंत्यविधी दाखवला. तिकडे पहाट होती, ती गणवेशात उभी होती.

दारं उघडल्यावर इंगुन आली. तिलाही व्हिसा लागला नाही, आमच्याकडेही नव्वदच दिवस आहेत. ती चार दिवस राहिली. मिरानने तिला आईच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे नेलं. शेडमध्ये ओक्नानने तिच्या हातात सुरी दिली, तिने दोन कालवं सोलली, दोन्ही फाडली. “आईवर नाही गेलीस,” ओक्नान म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेवान चारही दिवस जेमतेम दिसला. निघायच्या दिवशी मात्र बॅग उचलून बसस्थानकावर आला. बसला वेळ होता. इंगुन त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, “त्याला एक विचार. तो सुखी झाला का?”

मी विचारलं. तेवानने बॅगेचा पट्टा या हातातून त्या हातात घेतला. दाढी वाढलेली, बुटाची नाडी सुटलेली. मग म्हणाला, “हो म्हणून सांग.”

मी सांगितलं. इंगुनने मान हलवली आणि बसमध्ये चढली.